सणानंतरचं साधं दाक्षिणात्य जेवण : तुमच्याकडे काय शिजतं?

कावेरीकाठ

नमस्कार मंडळी, दिवाळी झाली का नीट?

आम्ही सहा वर्षं चेन्नईत, मैलापूरला आहोत. इथली दिवाळी एका सकाळीत आटोपते. नरकचतुर्दशीला पहाटे डोक्यावर तेल, अंघोळ, नवे कपडे, फटाके, की दुपारी सगळं सामसूम. आमची मात्र वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत. म्हणजे मी दोन्ही दिवाळ्या खाते. शेजारच्या मामींकडून मुरुक्कु, रिबन पकोडा, बादुशा आणि अर्धा किलो मैसूरपाक. घरचा चिवडा, चकली, अनारसे आहेतच. यंदा सासूबाई सांगलीहून आल्यात, त्यांच्या करंज्या वेगळ्या. भाऊबीजेच्या रात्री त्याच म्हणाल्या, "उद्या काहीतरी साधं कर गं. पण वरणभात नको, तो मी सांगलीत खातेच की."

आली का पंचाईत! सकाळी मामींकडे गेले. त्यांनी काही न बोलता एक डबा आणि एक वाटी हातात ठेवली. डब्यात मिळगु कुळंबु, वाटीत परुप्पु तोगयल. कुळंबु दिसायला अगदी काळाकुट्ट. मिरी, उडीद डाळ, धणे, दोनच लाल मिरच्या, हिंग आणि मूठभर कढीपत्ता तेलात भाजून वाटायचा, चिंचेच्या कोळात घालायचा आणि वर तेल सुटेपर्यंत आटवायचा. तोगयल म्हणजे तूरडाळ लाल होईपर्यंत भाजून, ओलं खोबरं नि मिरचीसोबत जेमतेम पाण्यात भरड वाटलेली चटणी. गरम भातावर तिळाचं तेल, त्यावर कुळंबु, बाजूला तोगयलचा गोळा आणि सुट्ट अप्पळम, म्हणजे विस्तवावर भाजलेला पापड. तळलेला नाही. सासूबाई दोनदा भात घेऊन जेवल्या आणि म्हणाल्या, "तोंडाला चव आली."

तर प्रश्न दोन. तुमच्यापैकी जे दक्षिणेत राहतात, तिथले आहेत किंवा ज्यांनी तिथे सोयरीक केलीय, त्यांच्याकडे सणाच्या दुसऱ्या दिवशी काय असतं? (इडली-डोसा सांगू नका, प्लीज.) आणि दुसरा प्रश्न सहा वर्षं छळतोय : माझं रसम दरवेळी आमटी का होतं?

घाटकोपरकर

रुमाल टाकून ठेवतो. मैसूरपाक नको असेल तर पत्ता देतो.

बेळगावी_कुंदा

आमच्याकडे बेळगावात सणाचा दुसरा दिवस म्हणजे होळिगे सारु. ही तुमची कटाची आमटीच की हो! पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की वरचं पाणी काढायचं, त्यात चमचाभर पुरण, चिंच, सारिन पुडी म्हणजे सारूचा मसाला, खोबरं. पुरणपोळीच्या दिवशी ते पानात असतं, पण पोट भरलेलं असताना त्याच्याकडे बघतो कोण? दुसऱ्या दिवशी ते मुरतं, आणि मग नुसत्या भातावर घेतलं तरी पुरे. आमच्या घरात आई मराठी, वडील कन्नड. एकाच पातेल्याला दोघं दोन नावांनी हाक मारायचे आणि कोणाचं चांगलं यावरून वाद घालायचे. पातेलं एकच, बरं का.

अनघड

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे सगळं फिरून फिरून आमटी-भातच आहे. आपल्याकडे सणानंतर मुगाची खिचडी, ताक, पोह्याचा पापड. त्यांच्याकडे सारु, चारु, रसम. नावं वेगळी म्हणून धागे काढायचे?

पालघाटची_पोर

अनघड, आमटी-भात म्हणालात तर आमची आजी चालत आली असती माटुंग्याहून!

आम्ही पालक्काडचे अय्यर, पण तीन पिढ्या मुंबईत. मराठी शाळेत शिकले, म्हणून इथे लिहिते. आमच्याकडे सणानंतर मोळगूटल. कोहळा, दुधी किंवा पालेभाजी शिजवायची, त्यात शिजलेली तूरडाळ आणि खोबरं-जिरं-एखादी मिरची यांचं वाटण. चिंच नाही, मसाला नाही. फोडणी मोहरी-उडीद डाळीची, खोबरेल तेलात. ज्या दिवशी एवढंही नको असेल त्या दिवशी मोळगुश्यम : डाळ आणि भाजी, वरून कच्चं खोबरेल. सपक म्हणाल तर सपकच असतं ते. म्हणून सोबत काहीतरी आंबट-तिखट लागतं, पुळि इंजी म्हणजे आलं-चिंच-गुळाचं लोणचं किंवा दह्यातली पचडी. पानात एक गोष्ट शांत, एक भांडखोर. कावेरीकाठच्या मामींचंही तेच. फक्त तिथे कुळंबु भांडतो आणि तोगयल समजूत काढते.

आणि केरळातल्या घरांमध्ये पोट बिघडलं की कंजी-पयर. जाड तांबड्या तांदळाची पेज, शिजवलेले हिरवे मूग, भाजलेला पापड, खोबऱ्याची चटणी. जुन्या काळी फणसाचं पान दुमडून त्याचा चमचा करायचे. मी लहानपणी एकदा आजोळी खाल्लीय तशी. निम्मी पेज फ्रॉकवर.

भाग्यनगरवासी

हैदराबादेतून हजर. इकडे मिरियाल चारु, म्हणजे मिऱ्याचं सार. पण सणानंतरचा माझा जीव पच्चि पुलुसूवर आहे. चिंचेचा कोळ, भाजून कुस्करलेल्या हिरव्या मिरच्या, कच्चा कांदा, थोडा गूळ, वर फोडणी. तेलंगणात भाजलेल्या तिळाची पूडही घालतात. फोडणी सोडली तर काहीच शिजवायचं नाही. दोन दिवस गॅसपुढे उभी राहिलेली बाई तिसऱ्या दिवशी हे करते आणि पंख्याखाली बसते, यातच काय ते आलं.

अनघड यांना एक मुद्दा मात्र देतो. इथलं मुद्द पप्पु म्हणजे घट्ट तूरडाळ, मीठ, हळद, वर तूप. वरणच ते, दुसरं काही नाही. फक्त सोबत आवकाय म्हणजे कैरीचं लोणचं असतं, आणि ते आपल्या लोणच्यासारखं बोटाने चाटायचं नसतं, भातात कालवायचं असतं. पहिल्या वर्षी मला माहीत नव्हतं. कान लाल.

मठ्ठाप्रेमी

दहीभात कोणीच कसा काढला नाही? माझ्यासाठी विषय तिथेच सुरू होतो नि तिथेच संपतो. थोडी साखर, हिरवी मिरची, डाळिंबाचे दाणे...

मामीचा_जावई

मठ्ठाप्रेमी, साखर?! हा प्रतिसाद माझ्या सासूबाईंनी वाचला तर मला परत पुण्याला पाठवतील.

मी पुणेकर, बायको श्रीरंगमची अय्यंगार. पहिला धडा : या घरात 'रसम' म्हणायचं नाही, सात्तुमदु म्हणायचं. पायसमचंही वेगळं नाव, तिरुकण्णमुदु. कांदा-लसूण स्वयंपाकघराची पायरी चढत नाही.

दहीभात असा : भात जरा जास्तच मऊ शिजवायचा आणि गरम असतानाच मीठ घालून हाताने मळायचा. मग त्यात दूध, भरपूर. दही चमचा-दोन चमचेच, तेही भात कोमट झाल्यावर. दुपारपर्यंत ते आपोआप लागतं आणि भात आंबट होत नाही. फोडणी मोहरी, उडीद डाळ, आलं, हिंग, कढीपत्ता. सोबत मोर मिळगाय. ही म्हणजे ताकात मुरवून वाळवलेली मिरची, आपल्या सांडग्या मिरचीची सख्खी बहीण. माझ्या आईने सांडगी मिरची पाठवली तेव्हा सासूबाईंनी ती तळली, खाल्ली आणि फक्त मान हलवली. त्या घरात मान हलवणं म्हणजे पद्मश्री.

आणखी एक. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कणु असतं. आदल्या दिवशीचा भात राखून ठेवायचा, काही हळदीने पिवळा, काही कुंकवाने लाल, काही दह्यातला पांढरा. त्याचे छोटे छोटे घास करून सकाळी गच्चीवर हळदीच्या पानावर कावळ्यांसाठी मांडायचे, भावांच्या नावाने. आपली भाऊबीज आठवते. आणि त्या दिवशीचं जेवण म्हणजे लिंबाचा भात, खोबऱ्याचा भात, दहीभात. म्हणजे इथे सणानंतरचं साधं जेवण हाच एक सण करून ठेवलाय.

घाटकोपरकर

'मान हलवणं म्हणजे पद्मश्री' चोरण्यात आलेलं आहे.

पण कोणत्या दिशेने हलवली? दक्षिणेत ते महत्त्वाचं.

मामीचा_जावई

अकरा वर्षं झाली, अजून शोधतोय.

शिरसीचा_पाऊस

तंबुळीचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लॉगिन केलं. आम्ही उत्तर कन्नडातल्या शिरसीकडचे हव्यक ब्राह्मण. सणाला जितकं गोड झालं असेल तितक्या तंबुळ्या पुढच्या आठवड्यात. कुंडीत ओव्याची पानं असतात ना, जाड, लव असलेली? आम्ही त्याला दोड्डपत्रे म्हणतो. आठ-दहा पानं तुपात जिरं आणि चार मिऱ्यांबरोबर परतायची, ओल्या खोबऱ्याबरोबर बारीक वाटायची, ताकात मिसळायची. मीठ. झालं. उकळायचं नाही. भातावर पहिल्यांदा हीच वाढतात. मेथ्यांची करतात, ब्राह्मीची करतात, डाळिंबाच्या सालीचीसुद्धा करतात. आमची आजी कुंपणाशी जायची आणि जे हाताला लागेल त्याची तंबुळी यायची. आम्ही मुलं पान ओळखायची पैज लावायचो.

ओव्याचे_पान

माझ्या आयडीला न्याय मिळाला. पाच वर्षं लोक याची भजीच खाताहेत.

अनघड

बरं, तंबुळी आमटी नाही. मान्य. बाकी मत कायम.

आणि कोणीतरी सांबार आणि संभाजी महाराजांची गोष्ट काढण्याआधीच...

सह्यकडा

काढतोच! सांबार तंजावरच्या मराठी दरबारात...

संपादक

सांबाराच्या उगमावर वेगळा धागा आहे, ३०० च्या वर प्रतिसाद आहेत, तिथे जा. इथे भूक लागलेली माणसं आहेत.

निळीशाई

संपादक, दोन ओळींची परवानगी द्या, कारण मी तंजावरची आहे. आमचं घर मराठी, म्हणजे घरात बोलतो ती मराठी. पण लिहिताना चुका होतात, हसू नका. भोसल्यांची गादी १६७६ पासून १८५५ पर्यंत तिथे होती, आणि आमच्यासारखी कुटुंबं नंतरही तिथेच राहिली. सांबाराची गोष्ट आम्ही आख्यायिका म्हणून ऐकतो, ऐकायला गोड आहे. पण आमच्या ताटात रोज दिसतं ते दुसरंच. तमिळ घरांमधलं पिट्लै बघा, कारली किंवा वांगी, डाळ, वाटण. नाव ऐकून पिठलं आठवतं की नाही? चवीला मात्र आता पूर्ण तमिळ. आणि डांगर पचडी म्हणजे उडदाच्या भाजलेल्या डाळीचं पीठ दह्यात. तुमचं डांगर! ताक, मीठ, फोडणी. सणानंतर आमच्याकडे हेच असतं, डांगर आणि मिऱ्याचं सार. चिवड्याचे डबे रिकामे होईपर्यंत.

पालघाटची_पोर

निळीशाई, तुमची मराठी माझ्यापेक्षा चांगली आहे हो. आणि डांगर पचडी आमच्याकडेही आहे. ते 'डांगर' कुठून आलं हे आज कळलं!

अनघड

डांगर??? माझी आजी करायची. चाळीस वर्षं झाली खाल्लं नाही. निळीशाईताई, प्रमाण सांगाल का?

घाटकोपरकर

गड पडला.

निळीशाई

दोन मोठे चमचे पीठ, एक वाटी दही, पाणी बेताने. पीठ आयत्या वेळी कालवा, नाहीतर घट्ट होऊन बसतं.

सह्यकडा

सांबार राहू दे. मिऱ्याबद्दल तरी बोलू द्या. मिरची पोर्तुगीजांमार्फत इथे आली, सोळाव्या शतकात. त्याआधी तिखट म्हणजे मिरी. तमिळमध्ये मिरी ती मिळगु आणि मिरची ती मिळगाय, म्हणजे मिरीसारखं फळ. कन्नडमध्ये मेणसु आणि मेणसिनकायि. तेलुगूत मिरियालु आणि मिरपकाय. आपल्याकडे मिरे आणि मिरची. चारही भाषांनी नव्या पाहुण्याला जुन्याच घरातलं आडनाव लावलं. आणि इंग्रजांचं मुलिगाटॉनी सूप म्हणजे मिळगु तण्णी, मिऱ्याचं पाणी. त्यात त्यांनी मांस घातलं, तो भाग वेगळा. म्हणजे कावेरीकाठच्या शेजारणीचा डबा मिरचीआधीच्या चवीच्या बराच जवळ जातो, त्या दोन लाल मिरच्या सोडल्या तर.

हिवाळी_न्यूजर्सी

वाचून डोळ्यांत पाणी. बाहेर उणे चार आहे. काल पॉटलकनंतर तिसऱ्या दिवशीचे गुलाबजाम खाल्ले आणि आत्ता फ्रीजरमधल्या कढीपत्त्याकडे बघतेय. एका कपात मावेल असं, दहा मिनिटांचं काही आहे का?

भाग्यनगरवासी

आहे. तुपात जिरं, कुटलेली मिरी, ओवा, कढीपत्ता. त्यात गरम भात, मीठ. वाम्मु अन्नम म्हणा, ओव्याचा भात म्हणा. शिळा भातही चालतो.

वैद्यकाका

ओव्याचा विषय निघालाच आहे तर दिवाळी लेगियम विसरू नका. तमिळ घरांत दिवाळीच्या पहाटे अंघोळ झाल्यावर आधी हे चाटायचं, मगच फराळ. सुंठ किंवा आलं, मिरी, ओवा, पिंपळी, धणे, जिरं, गूळ, तूप, तिळाचं तेल, मध. वाटून, शिजवून, काळपट गोळा. आपण आधी भरपेट खातो आणि मग इनो शोधतो. त्यांनी औषध पहिल्या घासाला बसवलंय. चेन्नईत दिवाळीच्या सुमारास तयार बरणीही मिळते, मुंबईकरांनी माटुंग्याच्या बाजारात विचारावं. तिथे सुकलेली मणत्तक्काळि म्हणजे कामोणीची फळं आणि कडुलिंबाचा वाळलेला फुलोराही मिळतो. फुलोरा तुपात परतून सारावर टाकला की वेप्पम्पू रसम. कडू आहे, पण जिलबीवर उतारा म्हणून उत्तम.

मामीचा_जावई

आता मूळ प्रश्नाकडे, कारण धागाकर्ती बिचारी वाट बघत असेल. रसमची आमटी का होते.

याचं उत्तर मला एका अपघातातून मिळालं. श्रीरंगमच्या घरात सात्तुमदुसाठी ईय चोंबु असतो, कथलाचा चंबू. बायकोच्या आजीचा होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी हौसेने स्वयंपाक करायला गेलो आणि तो रिकामाच गॅसवर ठेवून चिंच शोधायला वळलो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. आत पाणी असेल तर भांडं शंभराच्या वर जात नाही, म्हणून टिकतं. रिकामं असेल तर... मी वळलो तेव्हा चंबूचं बूड बर्नरमधून खाली चाललं होतं. चांदीसारखं चकचकीत, अगदी शांतपणे. घरात चार दिवस कोणी बोललं नाही.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी मला शेजारी उभं करून शिकवलं, बहुधा पुढची भांडी वाचवायला. चिंचेचा पातळ कोळ, मीठ, हिंग, हळद असं आधी उकळायचं, चिंचेचा कच्चा वास जाईपर्यंत. मग मिरी-जिरं भरड कुटून. मग डाळीचं *पाणी*. डाळ नव्हे, वरचं निवळ पाणी. आणि त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही. कडेने फेस धरतो, पिवळसर, तो वर चढायला लागला की गॅस बंद. फोडणी तुपाची, वरून कोथिंबीर, झाकण. आपण मराठी माणसं काय करतो? डाळ घोटून घालतो आणि रटारटा उकळतो. ती आमटीच होणार.

पालघाटची_पोर

फेसाबद्दल +१. पण मिऱ्याच्या रसमला डाळीचं पाणीही नको. चमचाभर कच्ची तूरडाळ मिरी-जिऱ्याबरोबर वाटली की पुरे. आणि टोमॅटो नको. लोक टोमॅटो सूप करतात आणि रसम म्हणतात.

भाग्यनगरवासी

टोमॅटो नको म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही. इथे टोमॅटो चारु रोज होतं.

बेळगावी_कुंदा

आणि गूळ? आमच्याकडे खडा पडतोच.

पालघाटची_पोर

तुम्ही पण साखरवाल्यांच्या बाजूचे निघालात.

मठ्ठाप्रेमी

स्वागत आहे कुंदाताई. इथे जागा आहे.

कावेरीकाठ

दोन दिवस धाग्यावर येता आलं नाही, माफ करा. काल केलं.

डाळ घोटली नाही. पालघाटची_पोर यांच्यासारखं चमचाभर तूरडाळ वाटून, टोमॅटोविना. (भाग्यनगरवासी, बोलणं टाकू नका, पुढच्या वेळी घालते.) स्टीलच्या पातेल्यात केलं, मामीचा_जावई यांचा प्रतिसाद वाचल्यावर कथलाची हिंमत झाली नाही. फेस चढायला लागल्यावर हात सवयीने गॅस मोठा करायला गेला, तो सासूबाईंनीच धरला. त्यांना मी सकाळी हा धागा वाचून दाखवला होता.

शेजारच्या मामी बरोबर जेवायच्या वेळी आल्या, हातात लेगियमची बरणी. त्यांना मराठी येत नाही, सासूबाईंना तमिळ नाही, इंग्रजी दोघींनाही बेताचंच. अर्धा तास गप्पा मारल्या. मी आतून ऐकत होते. एक "ओवा, ओवा" म्हणत होती, दुसरी "ओमम, ओमम". बरणी सांगलीला जाणार आहे असं कळतं.

रसम मामींनी ओंजळीत घेऊन प्यायलं आणि मान हलवली. दिशा मलाही कळली नाही. सासूबाईंनी भात संपवून वाटीतलं उरलेलं प्यायलं आणि म्हणाल्या, "आमटी छान झालीय गं. जरा पातळ झाली, एवढंच."

अनघड

:)

घाटकोपरकर

ते सगळं ठीक. मैसूरपाकाचं काय झालं?